वरच्या ओळी

उर्वशीच्या पायाला भिंगरी आहे हे अख्ख्या मोहर्लीला ठाऊक होतं. फोन आला की ती जिन्यावरून गच्चीत, गच्चीतून पाण्याच्या टाकीपाशी, तिथून पुन्हा खाली, आणि बोलणं संपेपर्यंत अंगणातल्या कोंबड्या उधळून रस्त्यापर्यंत पोचलेली असायची. तुमच्या कंपनीत खुर्च्या नाहीत का, असं समोरच्या चहावाल्यानं तिला एकदा विचारलंही होतं. त्या सकाळी मात्र आदेशचा फोन आला आणि ती टाकीचा पाइप धरून एका जागी उभी राहिली.

"तुझं काम पाहून राह्यलो," आदेश म्हणाला. "मस्त जमलं. पण दोन ओळी तुनं आतून कायमच्या बंद करून ठेवल्या. काऊन?"

"कोणत्या?" तिनं विचारलं. कोणत्या ते तिच्याइतकं जगात कोणालाच माहीत नव्हतं.

आदेश चंद्रपूरला एक छोटी संस्था चालवायचा. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायची संस्था. त्यांच्यासाठी उर्वशीनं ‘टपाल’ नावाचा मेलचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउसचं कामच नाही. काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. एक अक्षर दाबलं की पत्र उघडतं, दुसरं दाबलं की उत्तर लिहायला जागा मिळते, आणि कॉम्प्युटरमधला आवाज वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवतो. डोळस माणूस ‘टपाल’ बघून नाक मुरडायचा. मुरडू दे. ज्याला पडदाच दिसत नाही त्याला रंगीत पडद्याचं काय कौतुक?

खरी कटकट होती ती पत्राच्या वरच्या मजकुराची. पाकिटावर पत्ता असतो तसा प्रत्येक मेलच्या वर मजकूर असतो, त्याला हेडर म्हणतात. कोणी पाठवलं, कोणाला पाठवलं, कधी, उत्तर द्यायचं तर कुठल्या पत्त्यावर, आणि वाटेत ते कुठल्या कुठल्या मशीनमधून फिरून आलं. पहिल्यांदा ‘टपाल’ हे सगळंच्या सगळं वाचायचं. माणूस लेकराची खुशाली ऐकायला कान लावून बसायचा आणि आवाज त्याला मशीनांची नावं ऐकवायचा. खुशाली येईपर्यंत हातातला चहा निवायचा. म्हणून उर्वशीनं कात्री लावली आणि तीनच ओळी ठेवल्या: पाठवणार, विषय, तारीख. तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

माणसाचं मात्र एका गोष्टीवर समाधान होत नाही. आता कोणाला तारीख नको होती, कोणाला विषय आधी हवा होता, आणि कोणाला सगळंच हवं होतं. म्हणून नवीन आवृत्तीत तिनं सोय केली. एक अक्षर दाबलं की ‘थोडक्या’ ओळी. दुसरं दाबलं की ‘सगळ्या’. तिसरं दाबलं की ज्याच्या त्याच्या पसंतीच्या, पसंतीच्या क्रमानं. ही सोय तिनं मन लावून केली होती. फक्त ‘सगळ्या’ म्हणताना त्यातून दोन ओळी तिनं गुपचूप वगळल्या होत्या.

"‘प्रति’ येत नाई अन् ‘उत्तराचा पत्ता’ येत नाई," आदेश म्हणाला. "सगळ्या म्हणजे सगळ्या पाह्यजेत ना? गफ्फारभाईचं माहीत आहे ना तुले?"

गफ्फारभाईंचं सगळ्यांनाच माहीत होतं. चंद्रपुरात ते वेताच्या खुर्च्या विणायचे. कोणीतरी त्यांच्या पुतण्याच्या, जिशानच्या, नावानं त्यांना मेल टाकत होतं आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर वळवत होतं. बिचारे घरातलं सगळं लिहीत राहिले आणि वाचत होता तिसराच.

"आता सांग," आदेश म्हणाला, "दुसऱ्याचं उत्तर आपल्याकडे वळवून वाचणाऱ्या माणसाले काय म्हणाव?"

उर्वशीच्या तोंडाशी शब्द आला होता, पण तो तिलाच लागू पडत होता.

"शुक्रवारी देऊन टाकू," आदेशनं आवरतं घेतलं. "अन् पहिले लटारूभाऊ वापरून पाहतील. मी त्यांले सांगून ठेवलं. ते तं कवाचे मागं लागले."

फोन बंद झाला. खालून आई ओरडली, "काय वं, आज पाय दुखले का तुहे?"

लटारूभाऊ म्हणजे उर्वशीचे वडील. ताडोबाच्या गेटवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं जिप्सी चालवली. पर्यटक नाव विचारत यायचे, लटारूचीच गाडी द्या म्हणायचे. मग काचबिंदूनं डोळे खायला सुरुवात केली. आधी कडेचं दिसेना, मग उतरत्या उन्हातलं दिसेना. भाऊंनी कोणाला थांगपत्ता लागू दिला नाही. शेजारी बसणारा गाईड जंगू तेवढा जाणून होता. तो भाऊंच्या खांद्यावर हात टाकून बसायचा. खड्डा आला की बोटानं टकटक करायचा, डावीकडे घ्यायचं असलं तर खांदा दाबायचा, उजवीकडे घ्यायचं असलं तर ओढायचा. मागच्या पर्यटकांना वाटायचं, ही जंगलातली काही खास खूण असावी. ते कौतुकानं फोटो काढायचे.

एका फेरीला मागची सीट रिकामी राहिली म्हणून धाकटी रंजीता बसली. तिनं तो हात पाहिला आणि तिला सगळं कळलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून गाडीले हात नाई लावाचा." भाऊ हसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली घेऊन निघाले. तेव्हा तिनं सरळ गेटवरच्या साहेबांपुढे जाऊन सांगून टाकलं.

गाडी सुटली, जंगल सुटलं. त्या दिवशी भाऊ भर अंगणात, शेजारीपाजारी बघत असताना ओरडले, "माह्या डोळ्यासमोर येऊ नको तू!" रंजीता त्यांचीच लेक. ती गेली ती थेट हेमलकसाच्याही पलीकडे, एका निवासी शाळेत शिकवायला. पुढे भाऊंचे डोळे पुरतेच गेले, पण मनाई तशीच राहिली. मागं घे म्हणायला कोणी गेलं नाही आणि भाऊंनी स्वतःहून घेतली नाही.

रंजीता लिहायची ती फक्त बहिणीला. तिकडे नेटवर्कची लहर फिरेल तेव्हा फिरेल. आठवडी बाजाराला भामरागडला आली की साचलेली पत्रं एकदम सुटायची. त्यांत शाळा असायची, नदी असायची, पोरी असायच्या, आणि शेवटी हटकून एक वाक्य असायचं की बाबांनी बोलावलं तर येईन, नाहीतर नाही.

इकडे भाऊ आदेशच्या वर्गात टायपिंग शिकून आले होते. सातवी शिकलेला माणूस, पण बोटं गाडीच्या गिअरसारखी सराईत पडू लागली होती. कॉम्प्युटरमधल्या आवाजाला ते ‘बाबू’ म्हणायचे, कारण तो सरकारी कारकुनासारखा कोणाचंही काहीही कोरडेपणानं वाचायचा. रोज सकाळी भाऊ पाटावर बसून एक अक्षर दाबायचे आणि बाबू सांगायचा, "नवीन पत्र नाही." उर्वशी चुलीपाशी असो की गच्चीवर, ते वाक्य तिच्या कानावर पडायचंच. तिचा जीव तुटायचा. वडिलांना पत्र लिहिणार तरी कोण? जंगूला तर सहीसुद्धा नीट करता येत नव्हती.

मग एकदा रंजीताचं ते पत्र आलं. मंगली नावाची एक पोरगी शाळेत नवी आली होती आणि आईच्या आठवणीनं झोपत नव्हती. ‘ताई, मग मी तिले बाबांची वाघिणीची गोष्ट सांगतली,’ रंजीतानं लिहिलं होतं. ‘बाबा जसे सांगतात तशीच, मधात थांबून थांबून. झोपली पोरगी. बाबाले यातलं काई सांगू नको.’

उर्वशीनं ते पत्र वाचलं आणि तिला राहवेना. हे तर बाबांचंच पत्र आहे, तिनं मनाशी म्हटलं, चुकून माझ्याकडे आलंय. तिनं वरचं ‘ताई’ काढलं, खालचं ‘सांगू नको’ काढलं, आणि पत्र वडिलांच्या पेटीत सरकवलं. पाठवणार म्हणून रंजीताचंच नाव राहू दिलं. भाऊंचं उत्तर उठून रंजीताकडे जाऊ नये म्हणून उत्तराचा पत्ता तेवढा स्वतःचा टाकला. ‘प्रति’मध्ये तिचं स्वतःचं नाव होतं. ते बदलणं तिच्या बोटावरचं काम होतं, पण नाव बदललं तर ती फसवणूक होईल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं ते बदललं नाही, नुसतं लपवलं. शिकल्यासवरलेल्या माणसाचं मन स्वतःची अशी छान समजूत घालतं.

त्या सकाळी बाबू म्हणाला, "नवीन पत्र. पाठवणार: रंजीता." भाऊंनी ते पत्र ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग बायकोला, शकुबाईला, हाक मारून तिला ऐकवलं, मग रस्त्यानं जाणाऱ्या जंगूला आत बोलावून ऐकवलं. दुपारी ते दोन भाकरी जास्त जेवले. उर्वशी अंगणात येरझाऱ्या घालत होती आणि आनंदानं तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंचं उत्तर आलं. रंजीताला लिहिलेलं, उर्वशीच्या पेटीत. ‘रंजे, मी तुले जे बोललो ते बोलाचं नव्हतं. तू सांगतलं नसतं अन् गाडीखाली एखादं लेकरू आलं असतं तं मी कुठी तोंड दाखवलं असतं? तुहं बरोबर होतं. घरी ये. वाट पाहून राह्यलो.’

हेच ते शब्द होते. तिकडे पोरगी यांच्यासाठी थांबली होती आणि शब्द इथे, बहिणीच्या पेटीत येऊन पडले होते. पुढे पाठवायला कितीसा वेळ लागला असता? पण पाठवले असते तर रंजीतानं विचारलं असतं, कुठल्या पत्राचं हे उत्तर? सांगू नको म्हटलं होतं ना? उर्वशीनं विचार केला, उद्या फोनवर नीट समजावून सांगू, मग पाठवू. उद्या नेटवर्क नव्हतं. परवा तिचा धीर झाला नाही. त्यानंतर ती गोष्ट रोज थोडी थोडी अवघड होत गेली.

रंजीताची पत्रं येत राहिली आणि उर्वशी ती तशीच छाटून वडिलांना देत राहिली. त्यांत भाऊंच्या माफीचा उल्लेख कुठून असणार? भाऊ शेवटपर्यंत ऐकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे. "शाळेचं लिवते, नदीचं लिवते," एकदा ते शकुबाईला म्हणाले, "मी जे लिवलं त्याचं एक अक्षर नाई. मनातून गेलो मी तिच्या." त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे वडिलांना सुख द्यायला निघालेल्या पोरीनं त्यांच्या जिवाला नवाच घोर लावला होता. हे तिला दिसत होतं, कळत होतं, आणि तरी ती नुसती जिना चढत होती आणि उतरत होती.

आता शुक्रवार जवळ येऊ लागला. बुधवारी भाऊंनी तिला हाक मारली. "आदेश म्हणते, नव्या टपालात सगळ्या वरच्या ओळी ऐकू येतील. चिठ्ठी कुठून निघाली, कुठी गेली, सारं त्यात राह्यते म्हणे. खरं का?"

"हो. पण बाबा, लय कंटाळवाणं असते ते. मशीनची नावं राह्यतात नुसती."

"राहू दे. मले पाहाचं आहे माही चिठ्ठी कुठी अटकून राह्यली." त्यांनी आवाज खाली आणला. "शकूले सांगू नको. मले वाटते, माहं लिवलेलं रंजीपाशी पोचतच नाई. पोचलं असतं अन् ती गप्प राह्यली असती, अशी नाई आपली रंजी."

‘हो बाबा’ म्हणून उर्वशी उठली आणि थेट तळ्याच्या रस्त्यानं चालत सुटली. उन्हानं डोकं तापलं होतं, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, एक रिकामी जिप्सी धूळ उडवत गेली तेवढीच. चालता चालता तिनं डोक्यात नाना युक्त्या केल्या. त्या दोन ओळी सगळ्यात शेवटी ठेवाव्यात, मशीनांच्या नावांमागे, म्हणजे तिथपर्यंत बाबा कंटाळतील. पण ज्या माणसानं वाघिणीसाठी पाणवठ्यावर अर्धा अर्धा दिवस बसून काढला तो कंटाळेल होय? मग वाटलं, बाबांच्या लॅपटॉपवर जुनंच टपाल ठेवावं, नवीन म्हणून सांगावं. मग स्वतःचीच लाज वाटली, पण तीही फार वेळ टिकली नाही.

संध्याकाळी तिनं बसून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो एकदा चालवला की वडिलांच्या पेटीतल्या रंजीताच्या प्रत्येक पत्रावर ‘प्रति: लटारू’ आलं असतं आणि उत्तराच्या पत्त्याची ओळच नाहीशी झाली असती. काही मागमूस उरला नसता. मग बंद केलेल्या ओळी खुल्या करायला ती मोकळी होती. आदेश खूश, गफ्फारभाई खूश, बाबांच्या हाती काही लागणार नाही. फक्त एक कळ दाबायची होती. तिनं बोट ठेवलं, उचललं, उठून पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली.

"काय चावून राह्यलं वं तुले?" शकुबाईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं. "चार दिवस झाले, एका जागी बूड टेकत नाई तुहं."

"काई नाई, आई."

"काई नाई म्हणते. रंजी अशीच करे, गेटवर जाऊन सांगायच्या आदल्या दिवशी. साऱ्या घरात फिरे. पण तिनं सांगून तरी टाकलं."

शकुबाई सहज बोलली आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागली. उर्वशीला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. तिनं तो छोटा प्रोग्राम पुसून टाकला. मग ‘टपाल’ उघडून ती बंद केलेली जागा शोधली आणि दोन्ही ओळी खुल्या केल्या. आदेशला कळवलं की चूक दुरुस्त केली आहे. वडिलांना आधी आपण स्वतः सांगायचं आणि मग नवीन आवृत्ती द्यायची, असं तिनं ठरवलं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन वडिलांशेजारी बसली. नवीन टपाल टाकलं. "बाबा, मले काई सांगाचं आहे," ती म्हणाली.

"सांग ना." भाऊंची बोटं कळांवर पोचलीही होती. "सगळ्याचं अक्षर कोणतं? आदेशनं सांगतलं होतं मले... हे."

आणि त्यांनी ते दाबलं.

बाबू वाचायला लागला. मशीनांची नावं, आकडे, तारखा. भाऊ मान तिरकी करून ऐकत होते, गेटवरून निघाल्यावर पहिल्या वळणाला ऐकायचे तसे. उर्वशीला उठून पळावंसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मांडी घालून बसून राहिली.

"पाठवणार: रंजीता," बाबू म्हणाला. "प्रति: उर्वशी. उत्तराचा पत्ता: उर्वशी."

भाऊंनी पुन्हा दाबलं. बाबूनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच कोरड्या आवाजात. भाऊंनी मागचं पत्र उघडलं. प्रति: उर्वशी. त्याच्या मागचं. प्रति: उर्वशी. ते एकेक करत मंगलीच्या पत्रापर्यंत मागे गेले. तिथे त्यांचा हात थांबला.

"हे बी माहं नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाबा. गोष्ट तुमचीच आहे. पण तिनं मले लिवली होती. तुमाले सांगू नको म्हणे. मी पुसलं ते." आता सुरू झालंच होतं तर तिनं सगळंच सांगून टाकलं, न थांबता, नाक ओढत. ताई काढलं ते सांगितलं, उत्तरं वळवली ते सांगितलं. त्या दोन ओळी लपवल्या तेही सांगितलं.

भाऊंनी शेवटी विचारलं, "मी जे लिवलं होतं, माहं चुकलं म्हणून, ते तिले भेटलं का नाई?"

"नाई."

"एक बी नाई?"

"एक बी नाई, बाबा."

आतमध्ये शकुबाईचं सूप थांबलं होतं. रस्त्यावरून दुपारच्या फेरीच्या गाड्या ओळीनं गेटकडे निघाल्या होत्या आणि पर्यटकांचा हसण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. भाऊ त्या गाड्या पुढे जाईपर्यंत थांबले.

"जंगू माह्या खांद्याले टकटक करे," ते म्हणाले. "मले वाटे, मीच गाडी चालवून राह्यलो. मनात लय बरं वाटे. तुनं बी तेच केलं, पोरी. रंजीनं तो हात झटकला म्हणून मी तिले घराबाहेर काढलं. अन् तुहा हात खांद्यावर असून मले समजलंच नाई."

उर्वशीला यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर चाललं असतं. "मी पाठवते आता," ती घाईघाईनं म्हणाली, "तुमची सारी उत्तरं पाठवते तिले, आताच."

"काई पाठवू नको. ते तुह्या चिठ्ठ्यांचे जवाब होते. मी नवीन लिवतो." मग त्यांनी मंगलीचं पत्र पुन्हा उघडलं आणि ‘पाठवणार’च्या ओळीवर थांबून बाबूकडून रंजीताचा पत्ता एकेक अक्षर करून वदवून घेतला. तो पाठ होईपर्यंत वदवून घेतला. "तू जाय. मी लिवतो माह्या हातानं."

"चुका होतील बाबा, एकदा मी पाहून..."

"होऊ दे."

ती उठली. भाऊ दुपार कलेपर्यंत टकटक करत बसले होते. काय लिहिलं ते त्यांनी शकुबाईलाही ऐकवलं नाही. उर्वशीनं गच्चीवर जाऊन रंजीताला स्वतःचं वेगळं पत्र लिहिलं, केलं ते सगळं कबूल केलं, आणि काही मखलाशी न करता पाठवून दिलं. त्याला उत्तर आलं नाही. आदेशनं कळवलं की गफ्फारभाईंनी आपल्या टपालात उत्तराचा पत्ता सगळ्यात वर ठेवून घेतला आहे आणि ते तिला दुवा देत आहेत. ती दुवा तिच्या अंगाला लागेना.

आता घरात चैन पडत नव्हती ती भाऊंना. सकाळी एकदा उघडायचे ते टपाल दिवसभर उघडू लागले. "नवीन पत्र नाही." काठी घेऊन अंगणात यायचे, दारापर्यंत जायचे, परत फिरून बसायचे. "नवीन पत्र नाही." उर्वशी चुलीपाशी गप्प बसून ते ऐकायची. आता तिच्या हातात काही नव्हतं. एक खोटं पत्र लिहून तो आवाज बंद करता येतो हे तिला माहीत होतं, आणि ते करायचं नाही हेही माहीत होतं. हे बसणं तिला येरझाऱ्यांपेक्षा फार जड गेलं. पुढच्या आठवडी बाजाराचा दिवस कोरडा गेला तेव्हा शकुबाई म्हणाली, तिकडं पाऊस असंल. एप्रिल महिन्यात पाऊस कुठला?

भाऊंनी मात्र त्या दिवसांत एक काम केलं. आदेशला फोन लावून त्यांनी पसंतीच्या ओळी कशा ठरवायच्या ते विचारून घेतलं आणि स्वतःच ठरवल्या. लेकीची मदत मागितली नाही.

पत्र आलं तेव्हा उर्वशी अंगणात कपडे वाळत घालत होती. खिडकीतून बाबूचा आवाज आला, "नवीन पत्र." ओला कपडा हातात तसाच राहिला. भाऊंनी लगेच उघडलं नाही. आधी त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, आणि मग कळ दाबली.

"प्रति: लटारू," बाबू म्हणाला.

तारीख नाही, विषय नाही, पाठवणाराचं नावसुद्धा नाही. सगळ्या वरच्या ओळींतून त्यांनी तेवढी एकच ठेवली होती. भाऊंनी ती पुन्हा वाचायला लावली. "प्रति: लटारू." आणखी एकदा लावली. चौथ्यांदा बाबू बोलायच्या आत त्यांनी चाचपडत कानात इअरफोन घातले, आणि मग बाहेर काहीच ऐकू आलं नाही.

खिडकीतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. आधी ती ताठ होती. मग हलायला लागली. हसताहेत की रडताहेत ते उर्वशीला बाहेरून कळेना, आणि जाऊन विचारायचा हक्क तिनं घालवला होता.

शकुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "रंजीचं ना वं? काय लिवलं? येते का घरी?"

इतके महिने रंजीता काय लिहिते ते या घरात आधी उर्वशीला कळायचं, मग बाकीच्यांना. तिनं हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला.

"मले नाई माहीत, आई," ती म्हणाली. "बाबाले लिवलं तिनं. त्यांचं ऐकून झालं की त्यांलेच विचार."